आमवातानंतरची धाव : विश्रांती किती, व्यायाम किती?

यवतमाळ (प्रतिनिधी) : पहाटे साडेपाचच्या सुमारास येथील नेहरू स्टेडियमवर पाऊल ठेवले, की निम्मे शहर जागे झाल्याचा प्रत्यय येतो. पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण-तरुणी घड्याळ लावून फेऱ्या मारीत असतात, मधुमेहाचा सल्ला मिळालेले गृहस्थ झपझप चालत असतात आणि कडेने महिलांचे गट गप्पा मारीत पुढे सरकत असतात. या रोजच्या गर्दीतून एखादा चेहरा मात्र एके दिवशी दिसेनासा होतो. चौकशी केल्यास 'तिला वाताचा त्रास सुरू झाला, डॉक्टरांनी पळणे बंद सांगितले' असे उत्तर मिळते. पुढे कोणी विचारीत नाही. कारण वात आणि धावणे यांचे वैर असते, हे आपण सर्वांनी गृहीत धरले आहे.

हे गृहीतक अर्धेच खरे आहे. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजेच बोलीभाषेतील आमवात, झालेल्या व्यक्तीने सुजलेल्या सांध्यांनिशी धावू नये, हे खरे. परंतु आजार आटोक्यात आल्यानंतरही तिने जन्मभर जपून बसावे, याला आजच्या वैद्यकशास्त्रात आधार नाही. प्रश्न धावावे की धावू नये, हा नसून आधी काय करावे आणि नंतर काय, हा आहे. हा क्रम चुकला, तर सांधेही जातात आणि धावही जाते.

दुखणे एक, कारणे अनेक

सांधे दुखू लागले की आपल्याकडे 'वात' हा एकच शब्द वापरला जातो. यवतमाळ जिल्ह्यात मात्र या एका शब्दाखाली किमान चार वेगवेगळे आजार दडलेले असू शकतात.

पहिला, वयोमानाने होणारी सांध्याची झीज. 'गुडघ्याची वाटी घासली' असे जिच्याबद्दल म्हटले जाते, ती हीच. दुसरा, पाण्यातील फ्लोराइडमुळे होणारा फ्लोरोसिस. पांढरकवडा, झरी-जामणी या भागांतील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक असल्याचे सर्वज्ञात आहे. दर लिटरमागे १.५ मिलिग्रॅम या मर्यादेपेक्षा अधिक फ्लोराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास पाठ, मान व सांधे ताठ होतात. तेथे पहिला उपाय औषध नव्हे, तर पाणी बदलणे हा आहे.

तिसरे कारण चिकुनगुन्या. महाराष्ट्रात १९७३ मध्ये बार्शी येथे या विषाणूची साथ आली होती. २००६ मध्ये तो मोठ्या प्रमाणावर परतला आणि २०२४ मध्ये शेजारच्या नागपुरात त्याने पुन्हा डोके वर काढले. ताप चार दिवसांत उतरतो, पण हातापायांचे सांधे काही रुग्णांत महिनोन्‌महिने आखडलेले राहतात. हे चित्र आमवाताशी इतके मिळतेजुळते असते, की अनुभवी डॉक्टरांनाही रक्तचाचण्यांवाचून फरक करणे अवघड जाते.

चौथा आजार म्हणजे आमवात. वरील तिन्हींपेक्षा त्याची वाट वेगळी आहे. म्हणून धावण्याचा विचार करण्यापूर्वी नेमके निदान होणे अगत्याचे ठरते.

शरीराचेच शरीराशी युद्ध

प्रत्येक सांध्याच्या आतील बाजूस एक पातळ अस्तर असते. सांध्याला वंगण पुरविणे हे त्याचे काम. आमवातात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा या अस्तरालाच परके समजून त्याच्यावर हल्ला चढविते. अस्तर सुजते, जाड होते आणि उपचार न झाल्यास शेजारची कूर्चा व हाड कुरतडू लागते. झीज हा सांध्याच्या वापराशी जोडलेला आजार आहे. आमवात हा आगीचा आजार आहे. हा भेद लक्षात ठेवला, तर पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

या आजाराची खूणही ठरावीक असते. दोन्ही हातांची बोटे, मनगटे, पायांचे चवडे असे लहान सांधे दोन्ही बाजूंनी सुजतात. सकाळी उठल्यावर हात-पाय आखडलेले असतात आणि ते मोकळे होण्यास अर्धा-एक तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. झिजेच्या दुखण्यात हालचालीने त्रास वाढतो. येथे उलट हालचालीने थोडे बरे वाटते. धावणाऱ्या व्यक्तीला पहिला इशारा पुष्कळदा चवड्यातून मिळतो. सकाळी जमिनीवर पाय टेकताच गोट्यांवर उभे राहिल्यासारखे वाटते आणि दोष बुटांना दिला जातो.

हा आजार दुर्मीळ नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने घरोघर जाऊन पाहणी केली. ग्रामीण भारतातील सांधेविकारांचे चित्र प्रथमच इतक्या बारकाईने पुढे आणणाऱ्या कामांपैकी ते एक आहे. चार हजारांवर प्रौढांच्या या पाहणीत आमवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले. म्हणजे दर दोनशे प्रौढांमागे एक. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांत हा आजार दोन ते तीन पट अधिक दिसतो आणि तो पुष्कळदा ऐन कर्तेपणाच्या वयात गाठतो. 'बाळंतपणानंतरचा अशक्तपणा' किंवा 'कामाचा शीण' म्हणून तो घरातच दडपला जाण्याचे कारणही हेच आहे.

आधी आग विझवावी

सुजलेल्या सांध्यावर धावणे म्हणजे जळत्या घरात रंगकाम काढण्यासारखे आहे. पहिली पायरी औषधाची. युरोपातील तज्ज्ञांच्या संघटनेचा दंडक असा, की लक्षणे दिसू लागल्यापासून सहा आठवड्यांच्या आत रुग्ण तज्ज्ञापर्यंत पोहोचावा आणि तीन महिन्यांच्या आत आजाराची गती रोखणारे औषध सुरू व्हावे. प्रारंभीच्या या काळात मिळालेला उपचार पुढील अनेक वर्षांचे नुकसान टाळतो.

या उपचाराचा कणा आहे मेथोट्रेक्झेट. या आजारावरील त्याची उपयुक्तता १९८५ मधील चाचणीने ठळकपणे पुढे आली आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे आणि नव्या जैविक इंजेक्शनांच्या तुलनेत पुष्कळच स्वस्त आहे. मात्र त्याविषयी एक गोष्ट घरातील प्रत्येकाला ठाऊक असावी : ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. चुकून रोज घेतल्याने रुग्ण दगावल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. ठरलेला वार पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवणे, डॉक्टरांनी दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी न चुकविणे आणि रक्त व यकृताच्या चाचण्या वेळेवर करून घेणे, ही पथ्ये पाळावीच लागतात. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीने तर आधीच डॉक्टरांशी बोलावे. गरोदरपणात हे औषध चालत नाही.

दुसरी अडचण धीराची आहे. मेथोट्रेक्झेटचा पूर्ण परिणाम दिसण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. नेमक्या याच काळात रुग्णाचा धीर सुटतो आणि कोणीतरी सुचविलेली 'वाताची पुडी' घरात येते. पुडीने दोन दिवसांत सूज उतरते, रुग्ण आनंदाने मैदानावर जातो. अशा अनेक पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे.

स्टेरॉइडची ही जादू नवी नाही. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेन्च यांनी आमवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन दिले आणि ती काही दिवसांतच चालू लागली. १९५० मध्ये हेन्च व त्यांच्या सहकाऱ्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु दीर्घकाळ वापरल्यास हाडे ठिसूळ होणे, साखर व रक्तदाब वाढणे हे दुष्परिणाम लवकरच समोर आले. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अल्पकाळ आणि मोजून दिलेले स्टेरॉइड आजही उपयोगी आहे. पुडीतील स्टेरॉइडला मात्र ना माप असते, ना मुदत. शिवाय ते अचानक बंद करणेही धोक्याचे असते. अशा पुडीच्या किंवा वेदनाशामकाच्या जोरावर केलेली धाव ही बरे झाल्याची खूण नव्हे. ती केवळ वेदनेवर टाकलेली चादर आहे.

विश्रांतीचा जुना सल्ला

मग पूर्वीचे डॉक्टर विश्रांती का सांगत? कारण त्यांच्या हाती आग विझविणारी औषधे फारशी नव्हती. विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या काळात आमवाताच्या रुग्णांना अंथरुणावर ठेवणे, सांध्यांना पट्ट्या बांधणे हाच उपचाराचा भाग होता. व्यायामाने सांधे लवकर झिजतील, ही भीती तर्काला धरून होती. पण ती तपासलेली नव्हती.

ती तपासली नेदरलँड्समधील संशोधकांनी. तीनशेहून अधिक रुग्णांचे दोन गट करून एका गटाला दोन वर्षे, आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी सव्वा तासाचा जोरकस व्यायाम दिला गेला. त्यात सायकल, ताकदीचे व्यायाम आणि उड्या-धावपळ असलेले खेळही होते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार व्यायाम करणाऱ्यांची कार्यक्षमता वाढली, आजार भडकला नाही आणि मोठ्या सांध्यांची हानीही एकंदरीत वाढली नाही. मात्र ज्यांचे मोठे सांधे आधीच बरेच खराब झाले होते, त्यांच्यात हानी अधिक होण्याची शक्यता दिसली. आपल्या दृष्टीने या अभ्यासाचा हा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

२०१८ मध्ये युरोपातील तज्ज्ञांनी आणि २०२२ मध्ये अमेरिकेतील संघटनेने नियमित व्यायामाला उपचाराचाच भाग मानण्याची शिफारस केली. यामागे केवळ सांधे नाहीत. आमवातात हृदयविकाराचा धोका सर्वसामान्यांच्या सुमारे दीडपट मानला जातो, स्नायू क्षीण होतात, हाडे ठिसूळ होतात. या तिन्हींवर बसून राहणे हा उपाय असू शकत नाही.

डेन्मार्कची टेनिसपटू कॅरोलिन वोझ्नियाकी हिचे उदाहरण येथे आठवते. २०१८ च्या जानेवारीत तिने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. त्याच वर्षी तिला आमवाताचे निदान झाले. निदानानंतर बीजिंगची स्पर्धा जिंकून तिने ऑक्टोबरमध्ये ही गोष्ट जाहीर केली. २०२० मध्ये ती निवृत्त झाली. त्या निर्णयाचा आजाराशी संबंध नसल्याचे तिने स्पष्ट केले होते. दोन मुलांच्या जन्मानंतर २०२३ मध्ये ती परतली आणि अमेरिकन ओपनच्या चौथ्या फेरीपर्यंत पोहोचली. तिच्यासारखी वैद्यकीय यंत्रणा सर्वांच्या दिमतीला नसते, हे खरे. पण निदान म्हणजे शेवट नव्हे, एवढे यातून निश्चित दिसते.

परतीची पहिली पावले

धावण्यास तयार आहोत, हे कसे ओळखावे? पुढील गोष्टी जुळून आल्यावरच डॉक्टरांकडे विषय काढावा. सकाळचा ताठरपणा नाहीसा झाला आहे किंवा थोड्या वेळात सुटतो. कोणताही सांधा गरम वा सुजलेला नाही. रक्तातील दाह दर्शविणाऱ्या चाचण्या आटोक्यात आहेत. आणि अर्धा तास भरभर चालल्यावर दुसऱ्या दिवशी दुखणे वाढत नाही. पायांचे व गुडघ्यांचे क्ष-किरण चित्र आधीच्या हानीचा अंदाज देते. ते एकदा पाहून घेणे शहाणपणाचे.

यानंतरही थेट धाव नको. आधी काही आठवडे ताकद कमवावी. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला धरून टाचा उचलणे, एका पायावर तोल सांभाळणे, ओसरीच्या पायरीवर चढ-उतार हे व्यायाम घरी, विनाखर्च होतात. पोटरी आणि मांडी बळकट असेल, तर प्रत्येक पावलाचा धक्का स्नायू झेलतात. ती अशक्त असेल, तर तो सांध्यावर जातो.

पुढची पायरी चाल-धाव मिश्रणाची. दहा मिनिटे चालून अंग गरम करावे. मग एक मिनिट अगदी संथ धाव आणि दोन मिनिटे चाल, असे सहा ते आठ वेळा. हे आठवड्यातून तीनच दिवस आणि तेही एक दिवस आड. दोन आठवडे त्रास झाला नाही, तर धावण्याचा भाग थोडा वाढवावा. वेळ आणि वेग एकाच वेळी वाढवू नयेत. धावताना शेजाऱ्याशी बोलता येईल, एवढीच गती पुरेशी. ज्यांनी पूर्वी स्पर्धा गाजविल्या आहेत, त्यांना हा आरंभ अपमानास्पद वाटू शकतो. पण स्नायू, कंडरा आणि हाडे महिनोन्‌महिने विसावलेली असतात, त्यांना जुन्या वेळा आठवत नसतात.

दुखण्याची भाषा

व्यायामानंतर थोडे अंग दुखणे स्वाभाविक आहे. ते आजाराचे की श्रमाचे, हे ओळखण्यासाठी फिजिओथेरपीत एक सोपा नियम वापरतात. धावून आल्यावर दोन तासांनीही सांधा आधीपेक्षा जास्त दुखत असेल, तर त्या दिवशीचे प्रमाण जास्त झाले. पुढच्या वेळी ते कमी करावे. दुसऱ्या दिवशी सकाळी ताठरपणा वाढला किंवा सांधा सुजला, तर धावणे थांबवावे.

आजार मध्येच उसळी घेतो, हे गृहीत धरूनच चालावे लागते. अशा दिवसांत धाव बंद, पण अंथरूण धरणेही नको. सांधे हळूवार फिरवावेत, झेपेल तेवढे चालावे. उसळी ओसरल्यावर जेथे सोडले तेथून नव्हे, तर एक-दोन पायऱ्या मागे येऊन पुन्हा आरंभ करावा. एक छोटी वही ठेवल्यास लाभ होतो. सकाळी ताठरपणा किती मिनिटे होता, किती धावलो, दुसऱ्या दिवशी कसे वाटले, या तीन नोंदी डॉक्टरांना कोणत्याही वर्णनापेक्षा अधिक सांगून जातात.

काही इशाऱ्यांवर मात्र तत्काळ डॉक्टर गाठावा. मान दुखून हातापायांत मुंग्या येणे, छातीत दडपण किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागणे, ताप येणे, एकच सांधा अचानक लाल व गरम होणे ही लक्षणे घरी सोसण्याची नव्हेत.

आपले ऊन, आपली माती

यवतमाळात धावणाऱ्याला आणखी दोन गोष्टींशी जुळवून घ्यावे लागते. एक म्हणजे ऊन. मे महिन्यात येथे पारा ४३-४४ अंशांच्या पुढे जातो. घामाने शरीर कोरडे पडलेले असताना वेदनाशामक गोळी घेऊन धावल्यास मूत्रपिंडांवर ताण येतो. आमवाताच्या काही औषधांनी त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील होते. म्हणून उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वीच मैदान गाठावे, पाणी सोबत ठेवावे आणि 'धावता यावे म्हणून' गोळी घेण्याची सवय मुळीच लावू नये. हिवाळ्यात उलट अडचण असते. थंडीत सांधे उशिरा मोकळे होतात. अशा वेळी पहाटेचा हट्ट सोडून सायंकाळी धावलेले बरे.

दुसरी गोष्ट जमीन. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती बुटांना किलोकिलोने चिकटते. दोन्ही स्थितींत घोटा मुरगळण्याचा धोका असतो. डांबरी रस्त्याच्या कडेला उतार असल्याने एका पायावर सतत जास्त भार पडतो. मैदानाची सपाट, मुरमाची वाट त्यातल्या त्यात चांगली. बूट घेताना चवड्याकडे ऐसपैस जागा असलेला जोड निवडावा आणि तो सायंकाळी, पाय किंचित सुजलेले असताना घालून पाहावा. सकाळी नेमका बसलेला बूट दुपारनंतर बोटे दाबतो.

उपचारासाठी लगेच नागपूर गाठावेच लागते, असेही नाही. येथील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून जिल्ह्यात आहे. प्राथमिक तपासणी तेथील बाह्यरुग्ण विभागात करून घेता येते आणि गरज भासल्यास पुढे संधिवाततज्ज्ञाकडे जाता येते. सहा आठवडे टिकलेली सांधेसूज 'आपोआप जाईल' म्हणून थांबणे, हेच सर्वांत महागात पडते.

प्रत्येकाने धावलेच पाहिजे का?

नाही. ज्यांचे गुडघे, खुबे किंवा घोटे आधीच बरेच खराब झाले आहेत, ज्यांचा सांधा बदललेला आहे किंवा हाडे फार ठिसूळ आहेत, त्यांच्यासाठी सायकल, पोहणे किंवा भरभर चालणे हे धावण्याच्या तोडीचेच व्यायाम आहेत. हृदयाला त्यांतला फरक कळत नाही. आठवड्याला दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, हे जागतिक आरोग्य संघटनेचे माप चालण्यानेही पूर्ण होते. धावणे सोडून चालणे स्वीकारणाऱ्याने स्वतःला पराभूत मानण्याचे कारण नाही.

पण ज्यांचे सांधे शाबूत आहेत, आजार औषधाने आटोक्यात आहे आणि ज्यांना धावण्याची ओढ आहे, त्यांना केवळ भीतीपोटी घरात बसविणे हा अन्याय ठरेल. घरच्यांनी 'आता कशाला पळतेस' असे म्हणण्याऐवजी 'या आठवड्याची गोळी घेतलीस का' असे विचारले, तर ते अधिक उपयोगाचे. औषध, ताकद, चाल आणि मग धाव हा क्रम ज्याने पाळला, त्याला मैदान परके राहत नाही. पहिल्या दिवशी एक मिनिटच धावता येईल. ते एक मिनिट दुसऱ्या दिवशी सकाळी दुखले नाही, म्हणजे परतीची वाट सुरू झाली असे समजावे.